जनेल आणि पडदा

कोरगावात कृष्णनाथ पालयेकरांच्या घरी, आतल्या खोलीतल्या कपाटाच्या दुसऱ्या खणात, चष्म्यांच्या रिकाम्या डब्यांशेजारी एक रुपेरी कॅमेरा ठेवलेला आहे. त्याच्या एका बाजूचा रंग उडाला आहे आणि सेलचे झाकण सैल झाले म्हणून त्याला रबर बांधले आहे. मित्रांनो, तो कॅमेरा म्हणजे मी. प्रत्येकाच्या हातात मोबाईल आल्यापासून माझी आठवण फारशी कोणाला होत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. मला सांगायची आहे ती माझ्यापेक्षा माझ्या धन्याची गोष्ट. दोन वर्षे मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी कोणाला सांगू शकत नव्हतो. त्या दिवसांचा धसका मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म फार लांबच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथले मला थोडेच आठवते. पांढरे दिवे, हातमोजे घातलेली बोटे, आणि भिंग बसवताना कोणीतरी रोखून धरलेला श्वास. माझे खरे आयुष्य सुरू झाले ते म्हापशाच्या एका दुकानात. २००९ साल होते. काचेच्या कपाटात मी पाच महिने बसून होतो. आजूबाजूचे पातळ, चकचकीत कॅमेरे एकेक करून निघून जात होते आणि मी मागे मागे सरकत होतो. त्यांच्यासारखा माझ्याही पाठीवर, चित्र दाखवणारा पडदा होता. पण त्याच्या वरच्या अंगाला बोराच्या बीएवढी एक काचही होती. एक डोळा मिटायचा, दुसरा त्या काचेला लावायचा आणि समोरचे पाहायचे. दुकानदार तिला व्ह्यूफाइंडर म्हणे. गिऱ्हाइके मला हातात घेत, उलटसुलट करत आणि विचारत, "पडदा असताना हे भोक कशाला?" मग मला परत ठेवून देत. दरवेळी माझा जीव खालीवर होई. न विकताच आपण जुने होणार, या भीतीत मी दिवस काढत होतो.

गणेश चवथीला आठ दिवस असताना सुविधा आपल्या वडिलांना घेऊन दुकानात आली. तिला नुकतीच डिचोलीच्या एका औषध कंपनीत नोकरी लागली होती आणि पहिल्या पगारातून वडिलांना कॅमेरा घ्यायचा, असे तिने ठरवले होते. तिचे वडील म्हणजे कृष्णनाथ. वीस वर्षे त्यांनी एका रोलच्या कॅमेऱ्याने गावातली लग्ने, मुंजी, जत्रा टिपल्या होत्या. ते फोटो धंदा म्हणून काढत नसत, हौस म्हणून काढत. तो कॅमेरा बिघडला होता आणि रोलही मिळेनासे झाले होते.

सुविधाने एक पातळ कॅमेरा त्यांच्या हातात दिला. "पप्पा, हो बगा. पडदो केवढो मोठो असा!"

कृष्णनाथांनी तो हात लांब करून, जत्रेतला आरसा धरावा तसा धरला. "ह्येका डोळ्याक खंय लावतत?"

"डोळ्याक लावचो नसता. पडद्यार बगून काढूचो."

"डोळ्याक लावल्याबगर फोटो कसलो गो?" ते म्हणाले. "एक डोळो मिटलो की बाकीचा जग भायर रवता. मगे समोर काय असा ता बरा कळता."

दुकानदार हसला. कपाटाच्या मागच्या रांगेत हात घालून त्याने मला बाहेर काढले. "मगे हो घेया. जनेल असलेलो शेवटचो पीस." आमच्याकडे खिडकीला जनेल म्हणतात. त्या दिवसापासून माझ्या त्या बारक्या काचेचे नाव जनेल पडले, ते कायमचे.

कृष्णनाथांनी मला उजव्या डोळ्याला लावले. त्यांच्या पापण्यांचे केस माझ्या काचेला लागले, श्वासाची वाफ पडद्यावर धरली. "ह्यो बरो," ते म्हणाले. मी सुटलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. जनेल आणि माझे भिंग या दोन वेगळ्या वाटा. जनेलातून माणूस काय पाहतो ते मला कळत नसे, आणि मी काय पाहिले ते माणसाला फोटो निघाल्यावरच कळे. पुढे सगळा घोळ झाला तो इथेच.

कृष्णनाथ शाळेच्या बसचे ड्रायव्हर होते. त्यांची बायको देवकी त्याच बसवर मुलांना चढवण्या-उतरवण्याच्या कामाला होती. सकाळी साडेसहाला दोघे एकत्र घरातून निघत. पोदेर, म्हणजे पाववाला, पाव देऊन जाई, तो चहात बुडवून खात खात देवकी दाराला कुलूप लावी. तिने मला शिवलेली निळी पिशवी ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या खिळ्याला टांगलेली असे. वाटेत शेतात बगळ्यांचा थवा उतरलेला दिसला, की परतीच्या रिकाम्या खेपेला कृष्णनाथ बस बाजूला घेत आणि मला बाहेर काढत.

ती माझी चांगली वर्षे. चवथीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीला टांगलेली फळे मी टिपली. डोंगरावरच्या काजूची लाल-पिवळी बोंडे टिपली. एकदा शाळेची सहल केरीच्या किनाऱ्यावर गेली होती. ऊन असे रणरणत होते, की सगळ्यांच्या कॅमेऱ्यांचे पडदे काळे दिसत होते. शिक्षिका पडद्यावर पदर धरून, वाकून, अंदाजाने बटणे दाबत होत्या. कृष्णनाथांनी मात्र पडदा बंदच ठेवला होता. त्यांनी मला डोळ्याला लावले आणि लाटेत उड्या मारणारी सगळी पोरे एका फटक्यात आत घेतली. मुख्याध्यापिका उषाबाई म्हणाल्या, "कृष्णनाथांचा फोटो म्हणजे एकही माणूस बाहेर राहायचा नाही." पडदा बंद असल्यामुळे माझे दोन सेल महिना-दीड महिना टिकत. मला वाटे, आता कसली काळजी नाही.

चौथ्या वर्षी कृष्णनाथांच्या पुतण्याचे, संतोषचे, डिचोलीला लग्न झाले. मंडपात दोन्हीकडच्या माणसांचा एकत्र फोटो काढायचा होता. कृष्णनाथांनी मला डोळ्याला लावले, "हलू नकात" म्हटले आणि बटण दाबले. त्याच क्षणी मी दचकलो. माझ्या भिंगासमोर उजवीकडे दोन माणसांची जागा रिकामी होती आणि डावीकडे नवरीचे वडील अर्धे कापले गेले होते. त्यांच्या शेजारी उभी असलेली नवरीची आत्या तर फोटोत आलीच नव्हती.

रात्री घरी संगणकावर फोटो पाहताना सुविधा म्हणाली, "पप्पा, डाव्या बाजूचे गेले."

"खंय गेले?" म्हणत ते जवळ आले, पाहिले, आणि मला हातात घेऊन उलटसुलट करू लागले.

पेडण्याला दत्तप्रसाद नावाचे त्यांचे मित्र होते, त्यांचा स्टुडिओ होता. त्यांनी मला तपासले आणि समजावले, की जनेल भिंगाच्या वर आणि थोडे बाजूला असते. म्हणून अगदी जवळून फोटो काढला तर जनेल एक दाखवते आणि भिंग दुसरेच पाहते. कृष्णनाथांचा चेहरा उजळला. "म्हणजे चूक ह्याची असा," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर टिचकी मारली. दत्तप्रसाद बोलले ते खरेच होते. पण मंडपातला तो फोटो वीस पावलांवरून काढला होता, आणि वीस पावलांवर तो फरक पडत नाही. हे मला ठाऊक होते. मला तोंड नव्हते.

त्यानंतर मला एक नवी सवय लागली. बटण दाबले जाण्याआधीच मी भिंगासमोरची डावी कड बघू लागलो. आज कोण जाणार? कधी कोणाचा खांदा जाई, कधी अख्खे माणूस. कृष्णनाथ मला पुसत, हलवून बघत, जनेलाची काच शर्टाच्या टोकाने पुन्हा पुन्हा घासत.

एप्रिल महिन्यातल्या एका रविवारी दुपारी ते मला घेऊन एकटेच डोंगरावर गेले. काजूची बोंडे पडून सडली होती, त्यांचा आंबूस वास भरून राहिला होता. चिऱ्यांच्या गडग्याच्या बुटक्या भिंतीपलीकडे सात काजू एका ओळीत उभे होते. कृष्णनाथांनी मधल्या झाडावर नजर ठेवून मला उजव्या डोळ्याला लावले. बराच वेळ ते तसेच राहिले. मग डाव्या डोळ्याला लावले. मग पुन्हा उजव्या.

"डाव्यान सात," ते स्वतःशीच म्हणाले. "उजव्यान चार."

ते गडग्यावर बसले. त्यांच्या हाताचा घाम माझ्या अंगाला लागत होता. पुष्कळ वेळाने त्यांनी अंगठ्याने माझ्या पाठीवरचे एक बटण दाबले. चार वर्षे बंद असलेला पडदा उजळला. त्यांनी हात लांब केला, दोन्ही डोळ्यांनी पडद्याकडे पाहिले आणि सातही झाडे नीट मधोमध घेऊन फोटो काढला. एकही झाड कापले गेले नाही.

मित्रांनो, त्या दिवसापासून कृष्णनाथांनी जनेल सोडले.

घरात सगळ्यांना कौतुक वाटले. "पप्पा सुधारले!" असे सुविधा मैत्रिणींना सांगू लागली. दत्तप्रसाद रस्त्यात भेटले की चिडवत, "काय हो, डोळ्याक लावल्याबगर फोटो कसलो?" कृष्णनाथ हसत. फोटोही पुन्हा चांगले येऊ लागले. मला मात्र खरे ठाऊक होते. ज्या पडद्याला ते नावे ठेवत होते, तो त्यांनी आवडीने धरला नव्हता. त्या पडद्यामागे ते लपले होते.

ते का बोलले नाहीत, याचा मी खूप विचार केला. निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. सुविधाला स्थळे येत होती. सव्वीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा आला नव्हता, आणि हे ते कोणालाही छाती पुढे काढून सांगत. दृष्टी गेलेला ड्रायव्हर, हे शब्द शेजारी शेजारी ठेवायची त्यांची हिंमत नव्हती. ते चष्म्याच्या दुकानात मात्र तीनदा जाऊन आले. समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरे ते घडाघडा वाचत. मधले त्यांना दिसतच होते, गेले होते ते कडेचे. दरवेळी नवा चष्मा मिळे, नवा डबा घरात येई. आणि रोज सकाळी साडेसहाला ते स्टिअरिंगवर बसत, मागे चाळीस मुले आणि डोक्याजवळ खिळ्याला मी.

माझी ती दोन वर्षे भयंकर गेली. पिशवीच्या तोंडातून मला रस्त्याचा एक तुकडा दिसे. आमच्याकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, वळणावर अचानक समोर म्हैस. कृष्णनाथ आता मान पूर्वीपेक्षा जास्त वळवून पाहत. कोणी हॉर्न दिला की दचकत. पूर्वी गाडी चालवताना ते मुलांशी बोलत, ते बंद झाले होते. देवकी एकदा म्हणाली, "आजकाल तुम्ही गाडयेत गप्प असतास." ते म्हणाले, "रस्तो बगूंक होयो न्ही?" तिला ते पटले. मला त्याचा खरा अर्थ कळला.

तिला आणखीही एक गोष्ट खटकली होती. पडदा चालू ठेवल्यामुळे माझे सेल आता आठवड्याभरात संपत. जनेलाच्या कट्ट्यावर, म्हणजे घराच्या खऱ्या जनेलाच्या, मेलेल्या सेलांची रांग लागली होती. "ही इतकी सेलां लागतत कशाक?" तिने विचारले. "पडद्याक," ते तुटकपणे म्हणाले. तिने त्या रांगेकडे दोनदा पाहिले, हे मी पाहिले.

एका सकाळी बस शाळेच्या गल्लीत उजवीकडे वळत होती. देवकी दाराजवळ उभी होती. अचानक ती किंचाळली, "स्कूटर!"

कृष्णनाथांनी ब्रेकवर पाय मारला. पोरे सीटवरून पुढे आदळली, माझी पिशवी काचेवर आपटली. बाहेर काहीतरी घसरल्याचा आवाज आला. मग मुलांच्या रडण्याचा एकच कल्लोळ.

स्कूटर रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधावर आडवी पडली होती. चालवणारी योगिता, गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स. ती उठून उभी राहिली. गुडघा खरचटला होता, चपलेचा पट्टा तुटला होता. बाकी काही नव्हते. ती चालत बसच्या पुढे आली. ती ओरडली असती तर बरे झाले असते. ती हळू आवाजात बोलली.

"कृष्णनाथ, मी हॉर्न दिलंय. तुम्ही समोर बगी होतास. मी तुमच्या बाजूकच होतंय. तुमका मी दिसलंयच नाय?"

कृष्णनाथांचे ओठ हलले. "ऊन आयला डोळ्यार," ते म्हणाले.

देवकीने आभाळाकडे पाहिले. त्या सकाळी धुके होते.

दुपारी शेवटचे मूल घरी सोडून बस शाळेच्या आवारात आली. सगळीकडे सामसूम होती. कृष्णनाथ खाली उतरले तशी देवकीने खिळ्यावरची पिशवी काढली, मला बाहेर घेतले आणि त्यांच्या हातात दिले.

"माझो एक फोटो काढा. गाडयेच्या दाराकडे उबी रवतंय."

"आता?"

"आताच. आणि पडदो नको. डोळ्याक लावून काढा."

कृष्णनाथांनी तिच्याकडे पाहिले. ती जाऊन बसच्या दाराशी उभी राहिली. पदर सारखा केला नाही, हसली नाही. त्यांनी मला उचलले आणि डाव्या डोळ्याकडे नेले.

"अवो," ती तिथूनच म्हणाली, "जन्मभर उजव्या डोळ्याक लावतास. आज डाव्याक कित्या?"

त्यांचा हात मध्येच थांबला. मग त्यांनी मला उजव्या डोळ्याला लावले. दोन वर्षांनी त्यांच्या पापण्या माझ्या काचेला लागल्या. त्या फडफडत होत्या. मी माझ्या भिंगातून पाहत होतो आणि मनात ओरडत होतो, थोडे डावीकडे, आणखी डावीकडे. त्यांनी बटण दाबले.

"बरो आयलो," ते म्हणाले.

देवकीने मला घेतले आणि पडदा लावून पाहिले. फोटोत बसचे मागचे चाक होते, तीन खिडक्या होत्या आणि मोकळे आवार होते. दार नव्हते. दाराशी उभी असलेली बाईही नव्हती.

"ह्यात मी खंय असंय?" तिने विचारले.

कृष्णनाथ बसच्या पायरीवर बसले. शाळेच्या नळाचे पाणी टपटपत होते.

"कितके दिस?" देवकी म्हणाली.

"दोन वर्षां जाली."

"गाडयेत चाळीस पोरां असतत."

"माका ठावक असा."

"ठावक असा, आणि तरी?"

त्यांनी खिशातून बसची चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. देवकीने ती घेतली नाही. "माझ्याकडे कित्या देतास? जेंची गाडी असा तेंका द्या." ती पुढे चालू लागली. ते तिच्यामागून गेले. मी तिच्या हातात होतो. कार्यालयात उषाबाई कसले तरी कागद तपासत होत्या. कृष्णनाथांनी चावी टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळे सांगितले. एकही शब्द गाळला नाही. सकाळचे ऊन खोटे होते, हेही सांगितले.

दुसऱ्या दिवशी म्हापशाला डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. मी देवकीच्या पर्समध्ये होतो. तिथे एका अंधाऱ्या खोलीत अर्ध्या भांड्यासारखे पांढरे यंत्र होते. त्यात हनुवटी टेकवायची, एका वेळी एकच डोळा उघडा ठेवायचा, आणि कुठे प्रकाशाचा ठिपका दिसला की हातातले बटण दाबायचे. देवकी आणि सुविधा बाहेर बाकावर बसल्या होत्या. दार अर्धवट उघडे होते, म्हणून बटणाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. टिक. टिक. मध्ये थोडा वेळ. टिक. मग आवाज येईना. यंत्र चालू होते, ठिपके पडत असणार. पण बटण वाजत नव्हते. देवकीने सुविधाचे मनगट घट्ट धरले. किती तरी वेळाने पुन्हा एक टिक आली आणि पुन्हा सगळे शांत झाले. मी आयुष्यात हजारो वेळा बटणाचा आवाज ऐकला आहे. त्या आवाजाची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी सांगितले, की हा काचबिंदू आहे. त्यात दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. आधी कड जाते, मग हळूहळू आत आत येते. "उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही," त्या म्हणाल्या. "डाव्यातही सुरुवात आहे, पण तो राखता येईल. जन्मभर, न चुकता थेंब घालायचे." मग त्यांनी विचारले, "कळलं कसं तुम्हाला?"

देवकीने मला पर्समधून काढून टेबलावर ठेवले. बाईंनी माझ्या जनेलातून पाहिले. "दोन्ही डोळे उघडे असले की एक डोळा दुसऱ्याची उणीव झाकतो, फक्त अगदी उजव्या टोकाचं झाकता येत नाही," त्या म्हणाल्या. "एक मिटला तेव्हाच खरं कळलं." त्यांनी सुविधाचेही डोळे तपासले, कारण हा आजार घराण्यात उतरतो. तिचे नीट निघाले. दर वर्षी मात्र यायला सांगितले.

कृष्णनाथांचे गाडी चालवणे सुटले. गावात बातमी पसरली. रघुनाथ नावाचे एक पालक अंगणात येऊन खूप बोलले. त्यांची प्रतीक्षा रोज त्या बसने जाई. "दोन वर्षां आमच्या पोरांक घेऊन आंधळ्यासारखो फिरलंस," ते म्हणाले. कृष्णनाथांनी हात जोडले. "तू म्हणतस ता खरा," एवढेच बोलले. रघुनाथ आणखी भांडायच्या तयारीने आले होते. ते तसेच उभे राहिले आणि मग निघून गेले.

मला कपाटात ठेवले गेले. कृष्णनाथ माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. कपाटात दमट हवा असे. भिंगावर बुरशी धरेल, या चिंतेत मी कित्येक महिने काढले. बाहेरचे मला आवाजांवरून कळे. सकाळी आणि रात्री थेंबांच्या बाटलीचे झाकण फिरे. साडेसहाला गणेश नावाचा नवा ड्रायव्हर बस घेऊन येई, देवकी चढे, दार बंद होई. बस निघून गेली तरी कृष्णनाथांची पावले अंगणातून लवकर आत येत नसत.

फेब्रुवारीत उषाबाईंचा निरोप आला. सातवीच्या मुलांचा निरोपाचा फोटो आहे, कृष्णनाथांनी यावे.

"मी नाय," ते म्हणाले. "जनेलातून माका दिसना. आणि तो पडदो माका नको. दोन वर्षां त्यान माका लपयलो."

देवकीने कपाट उघडले. मला काढले, मऊ फडक्याने भिंग पुसले, नवे सेल घातले. मग म्हणाली, "पडद्यान कोणाक लपयलो नाय. तुम्ही लपलात."

ते शाळेत आले. पिंपळाखाली बाकांवर तीन रांगा करून मुले उभी होती. काही पालकही आले होते. रघुनाथ त्यांत होते. कृष्णनाथांनी पडदा लावला आणि हात लांब केले. मग एकदा पालकांकडे पाहिले. त्यांनी मला खाली घेतले. मुले वाट बघत होती.

"पोरांनो," ते मोठ्याने म्हणाले, "माझ्या डोळ्यांक आजार असा. मधला दिसता, कडेचा माका दिसना. म्हणान दोन्ही टोकांक जी असत, तेंनी हात वर करा. हात दिसल्याशिवाय मी बटन दाबचंय नाय."

आवारात कुजबूज झाली. मग डाव्या टोकाच्या मुलीने हात वर केला. ती प्रतीक्षा होती. मग उजव्या टोकाचे हात वर आले. कृष्णनाथ पडदा पाहत एक पाऊल मागे सरकले. देवकी त्यांच्या खांद्याशी उभी राहून पडद्यात बघत होती.

"उजवीकडचो एक हात भायर असा," ती म्हणाली.

ते आणखी मागे आले. "आता?"

"थोडे मागे. आता सगळी आयली."

"माका पण दिसतत," ते म्हणाले, आणि त्यांनी बटण दाबले.

तो फोटो शाळेच्या कार्यालयात लागला. पाहुणे विचारतात, कडेची मुले हात वर करून का उभी आहेत? मुले सांगतात, आमच्या कृष्णनाथमामांना कडेचे दिसत नाही, म्हणून.

मित्रांनो, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. कृष्णनाथांचा डावा डोळा अजून शाबूत आहे. ते अजून सकाळ-संध्याकाळ थेंब घालतात, आणि देवकी झोपण्यापूर्वी एकदा विचारते, "घातलात मां?" मला वापरा, मला जपा, असे मी तुम्हाला सांगणार नाही, माझे दिवस संपले. पण घरातल्या थोरांचे डोळे वर्षातून एकदा डॉक्टरांना दाखवा. अक्षरे वाचता येतात म्हणून गप्प बसू नका. आणि तुमच्या घरातल्या कोणी जन्मभराची सवय एकाएकी सोडली, तर सुधारले म्हणून टाळ्या वाजवण्याआधी त्यांच्याजवळ जाऊन बसा, आणि मायेने विचारा, का सोडली?